आता फार ताणू नकोस

४ फेब्रुवारी

चिमे,

तुझं पुस्तक आज संपलं. अभिनंदन करायला हवं, ते आधी उरकते. मुखपृष्ठ सुरेख आहे, कागद चांगला आहे, अनुवादक म्हणून तुझं नाव ठळक छापलंय. अभिनंदन संपलं.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर मी भांडले की तू रडतेस, आणि तू रडलीस की मला माघार घ्यावी लागते. पत्रात तुझं रडणं मला ऐकू येत नाही, म्हणून सुटले.

शेवटची पानं मी दवाखान्यातच वाचली. एका आजोबांच्या दाढेला इंजेक्शन दिलं होतं, ती बधिर होईपर्यंत वेळ होता. वाचून झालं आणि मी पुस्तक टेबलावर असं आपटलं की आजोबा खुर्चीतल्या खुर्चीत दचकले. म्हणाले, "डॉक्टर, माझं काही चुकलं का?" त्यांना काय सांगू? एका इंग्रज बाईचं चुकलंय, आणि तिला जाऊन शंभरावर वर्षं झालीत.

लोक ही कादंबरी इतकी वर्षं डोक्यावर घेऊन नाचतायत ते कशासाठी, हे मला कोणीतरी समजावून द्या. मला दिसलं ते असं. एक दगडखाणीचा मालक, तापट, स्वतःवर खूश. एक गावातल्या मुलांना चित्रकला शिकवणारी पोरगी, हुशार. लग्न ठरतं. कुठल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून बिनसतं. हा गृहस्थ तीन ओळींची चिठ्ठी ठेवतो आणि सरळ जहाजात जाऊन बसतो. वर्षामागून वर्षं पत्ता नाही. ती आंधळ्या होत चाललेल्या बापाला सांभाळते, दुसऱ्यांच्या पोरांची बोटं धरून रेघा मारायला शिकवते, बाप जातो. मधे एक औषधवाला येतो. साधा माणूस. बर्फातून चालत बापासाठी औषध घेऊन येतो आणि बूट ओले म्हणून दाराबाहेरच उभा राहतो. सगळ्या पुस्तकात मला तो एकच माणूस वाटला. तर त्याला या बाई दोन ओळींत वाटेला लावतात. का? तर त्या वाट बघतायत!

आणि मग तो खाणवाला लंगडत परत येतो. बागेत उभा राहून म्हणतो, "मी खूप सोसलंय. आता फार ताणू नकोस." आणि ही? ही म्हणते, "तुम्ही आलात, एवढंच पुरे." आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवते. समाप्त.

तोंड आहे की नाही या बाईला? चारशे पानं सोसून एक प्रश्न विचारावासा वाटला नाही? कुठे होतास, एवढं तरी? माझ्याकडे दात काढायला येणारी माणसंसुद्धा "किती दुखेल" एवढं विचारतात.

अजून एक. पुस्तकभर दोघं एकमेकांना तुम्ही म्हणतात. शेवटच्या पानावर तो एकदम तूवर येतो आणि ती तुम्हीवरच राहते. प्रेमात त्याला बढती आणि ती आहे त्याच जागेवर.

तू म्हणशील, वहिनीला प्रत्येक पुरुषात माझा दादाच दिसतो. दिसतो. तोही पुलांची कामं करायला म्हणून गेला, "मला जरा विचार करायचाय" म्हणाला, आणि तिकडच्या ऑफिसातल्या बाईंच्या घरी संसार मांडून आजतागायत विचारच करतोय. फरक इतकाच की त्याच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही.

डोळा कसा आहे? औषध वेळेवर घालून घे.

वहिनी


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

अक्षर मोठं आणि वाकडं आहे, चालवून घे. डोळा बरा आहे, पण छापलेलं बारीक अजून वाचवत नाही. त्यामुळे माझंच पुस्तक माझ्या हातात आलंय आणि मी त्याच्यावरून नुसता हात फिरवतेय.

तुझं पत्र भिंग लावून वाचलं. वाईट वाटलं. दोन वर्षं त्या पुस्तकात घालवली ग मी. लायब्ररीतून निवृत्त झाल्यावर लोक काय काय करतात, मी हे केलं. आणि तू ते बधिर दाढेच्या वेळात वाचून संपवलंस.

वाईट याचं नाही की तुला आवडलं नाही. याचं आहे की तू शेवट वाचलाच नाहीस. "एक प्रश्न विचारावासा वाटला नाही?" म्हणतेस! अग, ती त्याला बसायला लावते. बागेतल्या दगडावर, त्याचा पाय दुखत असताना. आणि स्वतः उभी राहून पानभर बोलते. तो एक अवाक्षर काढत नाही. मग हो तरी म्हणते का? तेही नाही. म्हणते, "उद्या ये आणि दार वाजव. उघडायचं का, ते मी उद्या ठरवीन." आणि तिथे मी तिला तू म्हणायला लावलंय! इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द, त्यामुळे कुठे कोणी कोणाला तू म्हणायचं ते मलाच ठरवायचं होतं. मी ठरवलं की पहिला तू तिचा. मी त्यावर आठवडाभर विचार केला होता. त्या एका जागेसाठी तर मी अख्खं पुस्तक हातात घेतलं.

तुला यात खांद्यावर डोकं कुठे दिसलं? रागावू नकोस, पण तू चिडलेली असलीस की समोर लिहिलेलं सोडून मनातलंच वाचतेस. दादाच्या बाबतीतही तुझं तसंच होतं. तो जे बोलतो ते तू ऐकत नाहीस, तो जे बोलणार असं तुला वाटतं ते ऐकतेस.

माणसं बदलतात, वहिनी. वय होतं, एकटी पडतात. समज, उद्या असंच कोणी तुझ्या दारात येऊन उभं राहिलं, तर तू काय करशील? सहज विचारतेय.

तुझी,
चिमी


१५ फेब्रुवारी

चिमे,

चष्मा पुसून, दवाखाना बंद करून, दिव्याखाली बसून शेवटचं पान पुन्हा वाचलं. मग कंपाउंडरबाईंना वाचायला दिलं, म्हणजे माझ्या मनातलं त्यात मिसळायला नको. त्यांनीही तेच वाचलं. तुझ्यासाठी उतरवून पाठवते. तुझ्याच पुस्तकातलं आहे, भिंग लाव:

"तो फाटकाशी थांबला. 'मी खूप सोसलंय,' तो म्हणाला. 'आता फार ताणू नकोस. तुझ्यावाचून मला कोण आहे?' तिच्या डोळ्यांत पाणी आलं. 'तुम्ही आलात, एवढंच पुरे,' ती म्हणाली आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं."

याच्यापुढे पान कोरं आहे. दगड नाही, पानभर बोलणं नाही, दार नाही, तू तर नाहीच नाही.

आता मला सांग, हे कोणी लिहिलं? तू म्हणतेस तू लिहिलं नाहीस, आणि तू खोटं बोललीस की तुझं अक्षर बारीक होतं, ते झालेलं नाही. मग?

मी सांगते मला काय वाटतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हाच "ताणू नकोस" तोंडात खड्यासारखं आलं होतं, पण म्हटलं, असेल, कोणीही म्हणेल. आज तेच वाक्य हाताने उतरवताना थांबले. हे वाक्य मी या घरात ऐकलंय, चिमे. तुझा दादा सुरुवातीला सुट्टीवर घरी यायचा तेव्हा, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, हाताची घडी घालून. रात्रीचा फोन का उचलत नाहीस, असं मी विचारलं तेव्हा. तिथे आणखी कोण राहतं, असं विचारलं तेव्हा. "आता फार ताणू नकोस." प्रत्येक वेळी हेच, याच चालीत, फारवर जोर देऊन. कुठल्या इंग्रज लेखिकेला हे सुचलं असेल असं मला वाटत नाही.

तुझ्या डोळ्यावर पट्टी होती तेव्हा प्रुफं कोणी वाचली?

आणि "उद्या कोणी दारात येऊन उभं राहिलं तर" हे तू सहज विचारत नाहीस. तू आयुष्यात काही सहज विचारलेलं नाहीस. दादा तुझ्याकडे आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही. पोस्टकार्ड पुरेल.

वहिनी


२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हो.

पोस्टकार्ड पुरलं नसतं म्हणून पत्र लिहितेय. माझ्या ऑपरेशनच्या आधी तो आला. तिकडचं सगळं मोडलंय. त्या बाईंनी त्याची बॅग भरून व्हरांड्यात ठेवली, एवढं तो बोलला, पुढचं मी विचारलं नाही. दोन दिवस राहतो म्हणाला आणि मग माझं ऑपरेशन आलं. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं. घरात दुसरं माणूस होतं. डोळ्यात थेंब घालायला, पायरी आली की सांगायला. थेंब घालताना त्याचा हात थरथरतो, वहिनी. तुला माहीत असलेला दादा तो नाही.

प्रुफं त्यानेच वाचली. म्हणाला, तू पडून राहा, मी बघतो. मला केवढा अभिमान वाटला, की माझं लिखाण दादा वाचतोय. आयुष्यात पहिल्यांदा. काल तुझं पत्र आल्यावर मी त्याला शेवटचं पान मोठ्याने वाचायला लावलं. त्याने वाचलं. जसंच्या तसं, तू उतरवलंस तेच. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "छान झालंय."

मी विचारलं, बाकीचं कुठे गेलं? तर म्हणाला, छापखान्यातून पानं कमी करा असा निरोप होता, मग शेवटी ती बाई नुसती बोलतच होती, तेवढं काढलं. आणि ती त्याला तू म्हणते ते कानाला बरं लागेना, म्हणून तिथे तुम्ही केलं. म्हणाला, किरकोळ दुरुस्त्या. छापखान्यात फोन केला मी. असा काही निरोप त्यांनी दिलेला नाही.

मी भांडायला हवं होतं. नाही भांडले. त्याचा चेहरा बघून नाही भांडवलं. तूही जरा समजून घे. त्याला घरी यायचंय ग. तुला पुस्तक पाठव, हेही त्यानेच सुचवलं. म्हणाला, ती वाचेल आणि तिला कळेल. पार्सलवर पत्ता मी घातला, तू अक्षर ओळखशील म्हणून. म्हणजे समज, ते शेवटचं पान त्याने तुलाच लिहिलंय. त्याला सरळ बोलता येत नाही, पहिल्यापासून येत नाही. हे त्याचं विचारणं आहे. वेडंवाकडं आहे, पण विचारणं आहे.

काय सांगू त्याला?

तुझी,
चिमी


२८ फेब्रुवारी

वन्संबाईंस,

आजपासून तुम्हांला तुम्हीच म्हणते. तुमच्या घरात तीच पद्धत चालते असं दिसतं.

तुम्ही तीन महिने मला फोनवर सांगत होतात की शेजारीण थेंब घालते. शेजारणीला मी निरोप पाठवत होते, त्यांना माझे आभार सांग म्हणून. ते आभार कोणी घेतले?

आणि केवढं कौतुक! "तुलाच लिहिलंय." कोणीतरी लिहिलेली बाई, तिचं तोंड बंद करायचं, तिच्या जागी आपल्याला हवी तशी मान डोलावणारी बाई बसवायची, आणि ते पान मला पाठवायचं. याला विचारणं म्हणतात? माझं उत्तरसुद्धा त्याने स्वतःच लिहून, छापून, बांधून पाठवलंय. मला फक्त खांदा कुठला ते विचारायचं बाकी राहिलंय.

आता ऐका. इथल्या लायब्ररीतून मी मूळ इंग्रजी पुस्तक आणलं. माझं इंग्रजी दातांपुरतं आहे, हे तुम्हांला माहीत आहे. शब्दकोश घेऊन बसले. चार संध्याकाळी त्या एका पानावर गेल्या. आणि इतके दिवस मी ज्या बाईला शिव्या घातल्या तिची मनातल्या मनात माफी मागितली. तिला तोंड होतं. चांगलं होतं.

माझा अनुवाद खाली आहे. ओबडधोबड आहे. तो त्याला वाचून दाखवा. त्याच्या हातात देऊ नका, तो खाडाखोड करील. बसवा आणि वाचा. वाचून झाल्यावर तो काय म्हणतो ते अक्षर न अक्षर मला कळवा, स्वतःची साखर न घालता. घरी येऊ दे की नको, ते मी त्यावर ठरवीन. एकदा ठरवलं की पुन्हा मला कोणी काही विचारायचं नाही.

"'बस,' ती म्हणाली. 'त्या दगडावर बस. मी बोलणार आहे, आणि संपेपर्यंत तू बोलायचं नाहीस.

'तू गेलास तेव्हा मला वाटलं, आठवड्याने येशील. म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. मग महिना झाला आणि सांगायची लाज वाटायला लागली. लाज मला वाटली, तुला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. लोक विचारायचे आणि मी तुझ्या वतीने कारणं द्यायचे. चांगली कारणं असायची. तू दिली असतीस त्यापेक्षा चांगली.

'मी काम केलं. सकाळी उठून काम केलं आणि संध्याकाळी दमून झोपले. हात चांगला चालायला लागला. तू नसताना मी माझ्या कामात तरबेज झाले, हे तुला कोणी सांगितलं नसेल.

'तुझी आई वरच्या खोलीत पडून होती. खाली माणसं यायची, मी त्यांचं बघायचे आणि मधल्या वेळात जिना चढून तिला कुशीवर वळवायचे. ती रोज विचारायची, त्याचा फोन आला का. मी रोज सांगायचे, आला होता, तू झोपली होतीस, उठवू नको म्हणाला. ती म्हणायची, पहिल्यापासून मायाळू. शेवटच्या दिवशीही तिने विचारलं. शेवटच्या दिवशीही मी सांगितलं, आला होता. तुझ्या नावावर मी एवढी माया जमा करून ठेवली आहे, आणि ती सगळी माझी होती.

'मला तुझं सोसणं ऐकायचं नाही. माझं सोसणं सांगायचं नाही. मला एवढंच हवंय, की मी बोलत असताना तू तिथे बसावंस.

'आता जा. उद्या ये आणि दार वाजव. उघडायचं का, ते मी उद्या ठरवीन.'"

एवढंच.

तुमची,
वहिनी


६ मार्च

वहिनी,

तू मला तुम्ही म्हण, काहीही म्हण, मी वहिनीच म्हणणार.

वाचलं. परवा दुपारी. तो खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसला होता, मी समोर स्टुलावर. म्हटलं, वहिनीने त्या शेवटच्या पानाचा अनुवाद केलाय, ऐक. तो हसला. "तिलाही नाद लागला का?" म्हणाला. खूश झाला होता. तुझं काहीतरी आलं म्हणून.

"बस" म्हटलं तेव्हा बसलेलाच होता. लाजेचं वाचलं तेव्हा चष्मा काढून पुसत होता. मला वाटलं, लागतंय त्याला. मग तो आईचा भाग आला.

वहिनी, मूळ पुस्तक मी किती वेळा वाचलंय हे तुला माहीत आहे. त्या मुलीचं लग्न झालेलं नव्हतं. तिला सासू नव्हती. त्या खाणवाल्याची आई दुसऱ्याच पानावर वारलेली आहे. आणि त्या काळी फोन कुठून येणार? पहिलं वाक्य वाचलं आणि मला कळलं हे कोण बोलतंय. पुढचं वाचता येईना. आपली आई जायच्या आधी मी येऊन गेले होते तेव्हा ती मला म्हणाली होती, "दादाचा रोज फोन असतो हो, आणि मी मेली नेमकी झोपलेली." मी ते खरं समजले. आजवर खरं समजत होते. त्याच्यावर चिडले की मनाशी म्हणायचे, काही असो, आईला रोज फोन करायचा. त्याची बाजू घेऊन मी तुझ्याशी भांडले त्यातली निम्मी भांडणं या एका गोष्टीच्या जोरावर भांडले.

थांबून थांबून वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. आणि वर पाहिलं.

अक्षर न अक्षर कळव म्हणालीस. कळवते.

तो म्हणाला, "लांबलंय. तो आईचा परिच्छेद काढला तरी काही बिघडत नाही."

मी कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "आणि हे तू-तू बरं नाही वाटत." मग चहाची वेळ झाली म्हणून उठला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "शेवटी ती हो म्हणते ना? मग झालं तर."

साखर घातलेली नाही.

त्याने ऐकलं नाही असं म्हणावं, तर शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं. आईचा परिच्छेद कुठला ते त्याला नेमकं ठाऊक होतं. फक्त ती कोणाची आई, हे त्याला समजलं नाही. मी त्याच्या मागे गेले आणि सांगितलं. म्हटलं, दादा, ती आपली आई होती. तो गाळणं शोधत होता. म्हणाला, "असं का? मग तुझ्या वहिनीने सरळ लिहायचं की. उगाच त्या पुस्तकात कशाला घुसडायचं?"

माझ्या पुस्तकाचं पान त्याने खाल्लं तेव्हा मी भांडले नव्हते. आता भांडले. काय काय बोलले ते आठवत नाही, पण खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन गेल्या. मी त्याला म्हटलंय, महिनाअखेरीला दुसरी जागा बघ. तो म्हणाला, एवढ्याशा पानावरून? आणि पुढचं तुला माहीत आहे तो काय म्हणाला असेल, मी लिहीत नाही. डोळ्यात थेंब मी माझे मीच घालते. निम्मे गालावर जातात.

पुस्तकं परत मागवायला प्रकाशकांना कळवलंय. शेवटचं पान नव्याने छापून चिकटवणार आहेत. ते पान अर्थात माझंच असेल, त्या इंग्रज बाईचं, आईशिवाय. पण तुझं मी माझ्याजवळ ठेवतेय. देणार नाही परत.

तू ठरवलंस का, हे मी विचारत नाही.

चिमी


१० मार्च

चिमे,

विचारू नकोस म्हटलं होतं, तरी सांगते.

तुझं पत्र यायच्या आधी मी वरची खोली रिकामी केली होती. आई गेल्यापासून तिथे पेशंटांच्या दातांचे जुने साचे ठेवले होते, खोकेच्या खोके. कंपाउंडरबाईंना हाताशी घेऊन ते सगळे खाली आणले. गादी उन्हात टाकली. खिडकीची कडी बसत नव्हती, सुताराला बोलावून बसवून घेतली. बाईंनी विचारलं, कोणी पाहुणे येणार का? मी म्हटलं, पाहुणे नाहीत, घरचंच माणूस आहे. बोलून गेले आणि मग माझं मलाच नवल वाटलं.

तुझ्यावर चिडून, तुला तुम्ही म्हणत लिहिलेलं ते पत्र, ते मी याच दिवसांत लिहिलं. एका हाताने तुला शिव्या आणि दुसऱ्या हाताने गादी. म्हणजे त्या शेवटच्या पानावरच्या बाईपेक्षा मी फार शहाणी होते असं नाही. तिला मी एवढी बोलले ते बहुतेक म्हणूनच.

त्याने काही चांगलं बोलावं अशी माझी अपेक्षा नव्हती. त्याला बोलता येत नाही, हे तू म्हणतेस ते खरं आहे. माफी नको होती. रडायला नको होतं. मी मनाशी ठरवलं होतं, काहीही म्हणाला तरी चालेल, चिडला तरी चालेल, खोटं आहे म्हणाला तरी चालेल. फक्त ती आपली आई आहे एवढं त्याला ओळखू यावं.

साचे आज परत वर नेले. जिना चढताना एक खोका निसटला आणि कोणाचे तरी खालचे दात पायऱ्यांवरून घरंगळत थेट दवाखान्याच्या दारात. बाहेर बसलेली माणसं हसली, मीही हसले.

त्याला सांग, येऊ नकोस. कारण विचारलं तर देऊ नकोस. त्याच्या वतीने मी पुष्कळ कारणं दिली, माझ्या वतीने एकही द्यायचं नाही.

तू मात्र ये. डोळ्याचे थेंब मी घालीन, माझा हात थरथरत नाही. आणि तू आलीस की त्या पानाबद्दल माझ्याशी एक शब्द बोलू नकोस, मला ते आता बोलवणार नाही.

तो नुसता गप्प बसला असता ना, चिमे, तरी मी दार उघडलं असतं.

तुझी,
वहिनी